लेहला चाललात ना, मग डोकेदुखी लपवायची नाही

पत्र आलंय नाशिकहून, थोडं आवरून देते:

"डॉक्टरताई, आम्ही जूनमध्ये लडाखला चाललोय. मी, नवरा, सहा वर्षांचा मुलगा, सासरे (वय ६७, बीपीची गोळी चालू) आणि सासूबाई (वय ६२, शुगर, इन्सुलिन चालू). विमानाने मुंबई-दिल्ली-लेह. पहिल्या दिवशी उतरून संध्याकाळी शांती स्तूप, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला करून नुब्रा, तिसऱ्या दिवशी तिथूनच पँगाँग आणि रात्री तंबूत मुक्काम, चौथ्या दिवशी परत लेह, पाचवा शॉपिंगला, सहाव्याला विमान. मला जरा भीती वाटतेय. नवरा म्हणतो सगळे जातात, तू उगाच टेन्शन घेतेस, कापूर आणि ऑक्सिजनचा कॅन घेऊ बरोबर, झालं. सासरे तर म्हणतात मी रोज पांडवलेणी चढतो, तीन वर्षांपूर्वी कळसूबाई केलंय, मला काय होणार. मी घाबरट आहे का? घरात वाद न होता हे कसं सांगू?"

अगं, घाबरट अजिबात नाहीस. तुझ्या घरात हा प्लॅन नीट वाचून बघणारी सध्या तू एकटीच दिसतेस. मी तुला तू म्हणते, माझ्या पुतणीच्या वयाची आहेस.

आधी तुझ्या सासऱ्यांबद्दल बोलते, कारण रोज पांडवलेणी चढणारा माणूस ६७ व्या वर्षी फिट असतो हे अगदी खरंय आणि त्यांचा तो अभिमान मोडायचं काहीच कारण नाही. पण कळसूबाई आहे १६४६ मीटर. लेहचं विमानतळ, म्हणजे जिथे ते काहीही न चढता नुसते खुर्चीतून उठून खाली उतरणार आहेत, ते साधारण ३२५० मीटरवर आहे, कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट, आणि लेह गाव तर ३५०० च्या आसपास. आणि कळसूबाईला आपण सकाळी चढतो, दुपारी भाकरी-पिठलं खातो, संध्याकाळी घरी. तिथे वर झोपायचं असतं आणि विरळ हवेचा त्रास बहुतेक वेळा झोपेच्या आसपासच डोकं वर काढतो. फिटनेसने पाय दुखत नाहीत, दम कमी लागतो, पण विरळ हवेची सवय होण्याचा वेग काही त्याने वाढत नाही. उलट माझा अनुभव असा की फिट माणसं पहिल्या दिवशी जास्त धावपळ करतात आणि तीच रात्री आडवी होतात.

हे मी मनाचं सांगत नाहीये. १९६२ च्या युद्धात आपल्या जवानांना सखल भागातून घाईघाईने वर न्यावं लागलं, वीस-बावीस वर्षांची धडधाकट पोरं, आणि त्यातली कितीतरी गोळी न लागता नुसत्या उंचीने आजारी पडली. आपल्याच लष्करी डॉक्टरांनी अशा १९२५ जवानांची नोंद १९६९ साली छापली, जगभरात आजही तिचा दाखला देतात. त्यातून शिकून लष्कराने नियम बसवला, २७०० ते ३६०० मीटरच्या पट्ट्यात गेलेल्या जवानाला सहा दिवस हळूहळू रुळवायचं आणि त्यातले पहिले दोन दिवस पूर्ण आराम. म्हणजे सैनिकाला जिथे दोन दिवस नुसतं बसवून ठेवतात तिथे आपण सासू-सासऱ्यांना उतरल्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला लावतोय आणि दुसऱ्या दिवशी खारदुंग लाच्या खिंडीत, ५३५९ मीटरवर नेतोय. नवऱ्याला एवढं एकच वाक्य वाचून दाखव, बाकी वाद घालायची गरज पडणार नाही असं मला वाटतं.

आता होतं काय ते सांगते म्हणजे पुढचं सगळं लक्षात राहील. हवेत ऑक्सिजन सगळीकडे सारखाच, २१ टक्के, पण वर हवेचा दाबच कमी म्हणून मुंबईत एका श्वासात जेवढा मिळतो त्याच्या साधारण दोन तृतीयांशच लेहमध्ये मिळतो आणि खारदुंग लावर जेमतेम निम्मा. शरीर काय करतं, श्वास वाढवतं. पण श्वास वाढला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि रक्ताचं गणित बिघडतं, मग मेंदू म्हणतो थांब, आणि झोपेत तर श्वास चक्क मधेच अडतो, पाच-दहा सेकंद शांत आणि मग एकदम मोठा श्वास. (पहिल्या रात्री सासूबाई तुला उठवतील की ह्यांचा श्वास थांबतोय म्हणून. तेवढं एकच असेल आणि माणूस हलवल्यावर नीट जागा होऊन बोलत असेल तर ते तिथे बऱ्याच जणांना होतं, घाबरू नका.) मग किडन्या हळूहळू लघवीतून ते गणित जुळवून आणतात, त्याला दोन ते चार दिवस लागतात. हे दिवस पैसे देऊन, गोळी घेऊन, कापूर हुंगून कशानेच शून्य होत नाहीत, ते द्यावेच लागतात.

त्रास सुरू होतो साधारण पोचल्यापासून सहा ते बारा तासांनी, म्हणजे सकाळच्या विमानाने उतरलात तर दुपारपर्यंत सगळे मजेत असणार, कशाला उगाच ताईंचं ऐकलं असं वाटणार, आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागणार. डोकेदुखी, जेवण नको वाटणं, मळमळ, गळून गेल्यासारखं, चक्कर. हे साधं रूप, बऱ्याच जणांना होतं आणि आराम केला, आणखी वर गेलं नाही, तर बहुतेकांचं एक-दोन दिवसांत उतरतं. ह्याला घाबरायचं नाही. घाबरायचं कशाला तर हे लपवून वर जाण्याला.

आणि इथे मला माझ्या घरातलं सांगायचंय.

२०१४ साली आम्ही दोघी बहिणी आपापल्या कुटुंबासकट असंच गेलो होतो, प्लॅन जवळजवळ तुझ्यासारखाच. माझे मेहुणे तेव्हा ५९ वर्षांचे, कधी कुणाला स्वतःसाठी पाणी आणायला न सांगणारा माणूस. तिसऱ्या रात्री पँगाँगच्या काठी तंबूत होतो. जेवताना ते दोन घास खाऊन उठले, मी विचारलं भाऊजी काय झालं, तर म्हणाले काही नाही गं, चहा राहिला ना आज दुपारचा, डोकं जड झालंय जरा. मी डॉक्टर, समोर बसलेली, आणि मी म्हटलं बरं झोपा मग. रात्री दोनला बहीण आमच्या तंबूची चेन ओढत होती. आत जाऊन बघते तर ते तंबूच्या खांबाला टेकून बसलेले, आडवं होता येईना, नुसतं बसल्याबसल्या धाप लागलेली, मधेमधे खोकला आणि टॉर्चच्या उजेडात ओठ निळसर. कॅम्पवरचा सिलिंडर आणला तर त्यात हवाच नव्हती, काटा शून्यावर. तशीच गाडी काढली आणि तांगत्सेच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेलं, तिथे ऑक्सिजन लागला, पहाटे अँब्युलन्समधून ऑक्सिजन चालू ठेवूनच लेहला. फुफ्फुसात पाणी झालं होतं. तीन दिवसांत बरे झाले, आज ठणठणीत आहेत.

पण लेहच्या हॉस्पिटलमध्ये त्यांचं जॅकेट घडी करताना बहिणीला खिशात क्रोसिनची स्ट्रिप सापडली. दहातल्या आठ गोळ्या संपलेल्या. म्हणजे लेहला उतरल्या दिवसापासून त्यांचं डोकं दुखत होतं आणि ते गुपचूप गोळी घेऊन आमच्याबरोबर हसत होते. का, तर पोरांनी पँगाँगचं बुकिंग किती हौसेने केलं होतं, माझ्यामुळे सगळ्यांची ट्रिप खराब व्हायला नको.

मला तुला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय गं. आपल्याकडची मोठी माणसं सांगत नाहीत. आजारी पडायची त्यांना भीती नसते, ओझं होण्याची असते. तेव्हा कापूर, कॅन, ऑक्सिमीटर हे सगळं नंतर. निघण्याआधी एका रात्री सगळे जेवायला बसले असताना सासऱ्यांना नवऱ्यासमोर म्हण, की बाबा, तुम्ही सांगितलं तर आपण एक दिवस जास्त थांबू, एवढंच होईल, पण नाही सांगितलं तर आपल्याला रात्री दोनला गाडी काढावी लागेल. आणि घरात एक नियम करून टाका, मुलासकट, रोज रात्रीच्या जेवणाला प्रत्येकाने सांगायचं, डोकं कसंय, पोट कसंय, काल झोप लागली का, चक्कर आली का. डोकेदुखीची एक जरी गोळी घेतली तरी सगळ्यांना सांगून घ्यायची. गोळी घ्यायला काहीच हरकत नाही, गुपचूप घ्यायला आहे. आणि वर जायच्या दिवशी सकाळी कुणाचं डोकं दुखत असेल तर त्या दिवशी कुणीच वर जाणार नाही, हे घरूनच ठरवून जा, म्हणजे तिथे त्या माणसाला अपराधी वाटत नाही.

आता तुझा प्लॅन. ह्याच पाच रात्रींत मी तरी असं करेन, पहिल्या दोन रात्री लेह, मग दोन रात्री नुब्रा, मग एक रात्र लेह आणि विमान. पँगाँग ह्या वेळी नाही. मला माहितीये सगळ्यांना तो निळा तलावच बघायचा असतो, मुलाला पण तुम्ही त्याचेच फोटो दाखवले असतील, पण ऐक. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही असा नियम आहे, आणि पँगाँगचे तंबू जवळपास ४३०० मीटरवर. तुमच्या प्लॅनमध्ये नुब्रातून, म्हणजे साधारण ३१०० वरून, एका दिवसात थेट तिथे झोपायला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिथे त्रास झाला तर लेहला यायला आधी चांग ला ओलांडावा लागतो, तोही ५३०० च्या वर. म्हणजे ज्याला खाली न्यायचंय त्याला आधी हजार मीटर वर न्यायचं. भाऊजींच्या वेळी तांगत्से मधे होतं म्हणून निभावलं.

नुब्रा त्या मानाने कितीतरी बरं. मधे खारदुंग ला लागतो हे खरंय, पण तो नुसता ओलांडायचाय, गाडीतून उतरून फोटो काढा, दहा-पंधरा मिनिटांत निघा, तिथे मॅगी खात तासभर बसू नका आणि मुलाला पळू देऊ नका. पलीकडे उतरलात की डिस्किट-हुंडर लेहपेक्षाही खाली आहे, झोप चांगली लागते, डिस्किटला सरकारी हॉस्पिटल आहे आणि दोन वशिंडांचे उंट बघून मुलगा पँगाँग विसरेल. अजून एक सुट्टी मिळाली तर ती लेहमध्येच लाव, तिसऱ्या दिवशी सिंधू-झंस्कारचा संगम आणि अल्ची करा, अल्ची लेहपेक्षा खाली आहे आणि रस्ता चांगला आहे.

तिकिटं अजून काढली नसतील तर मात्र मी म्हणेन लेहला थेट उतरूच नका, श्रीनगरला उतरा. श्रीनगर साधारण १६०० मीटर, तिथे दोन रात्री, मग कारगिल २७०० च्या आसपास एक रात्र, मग लेह. पायरी-पायरीने चढणं होतं, वाटेत फोटू ला ४१०८ मीटरचा लागतो पण झोपायचं तिथे नाही. झोजी लाला जॅम लागतो, वेळ जातो, पण सासू-सासऱ्यांसाठी ह्यापेक्षा चांगला रस्ता मला माहीत नाही. आणि कुणी मनालीहून जा म्हणालं तर दुसरी रात्र सरचूला ठेवू देऊ नका, ते जवळपास ४३०० वर आहे, जिस्पाला थांबा.

पहिला दिवस. हॉटेलला आधीच सांगून तळमजल्याची खोली घ्या. बॅगा सासऱ्यांनी उचलायच्या नाहीत, ते उचलायला जाणारच, तू आधीच त्यांच्या हातात मुलाचा हात दे. दिवसभर खोलीत, खिडकीत, अंगणात. मऊ भात-वरण, खिचडी, सूप, तिथलं थुक्पा सुंदर असतं. पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त, पण पाच-सहा लिटर ढोसायची गरज नाही, लघवीचा रंग फिका राहील इतकं पुरे. दारू नाही आणि झोपेची गोळी तर अजिबात नाही, तिने श्वास आणखी मंदावतो. शांती स्तूपाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडीने वरपर्यंत जाता येतं, तसंच जा.

डायमॉक्सबद्दल तू विचारलं नाहीस पण विचारणार. असेटाझोलामाइड, मोठ्यांना साधारणपणे १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, जायच्या आदल्या दिवसापासून सुरू करतात. किडन्या जे काम दोन-चार दिवसांत करतात त्याला ती हातभार लावते, लक्षणं झाकत नाही, म्हणून मला ती आवडते, आणि तुमच्यासारखं थेट विमानाने जाणाऱ्यांनी ती घ्यावी असंच माझं मत आहे. पण सल्फाची अ‍ॅलर्जी असेल, किडनीचा त्रास असेल, बीपीच्या गोळीतच लघवी वाढवणारं औषध असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि मुलाचा डोस वजनावर असतो, तो बालरोगतज्ज्ञच ठरवतील. घरीच महिनाभर आधी दोन दिवस घेऊन बघा, बोटांना मुंग्या येतात, सोडा-कोल्ड्रिंक बेचव लागतं, लघवीला जास्त जावं लागतं, हे चालतं. आणि गोळी घेतली म्हणून प्लॅन परत पहिल्यासारखा करायचा नाही, प्लीज.

कापराने ऑक्सिजन वाढत नाही. वासाने बरं वाटत असेल तर हुंगू देत, मी कुणाला अडवत नाही, पण मुलाच्या हाताला लागेल असा ठेवू नका, लहान मुलाने कापराची वडी गिळली तर झटके येऊ शकतात. आणि तो कॅन, त्याच्यावर दहा लिटर लिहिलेलं असतं, मिनिटाला दोन लिटरने धरलं तर पाच मिनिटं. पाच मिनिटांत काही होत नाही गं, उलट कॅन आहे म्हणून लोक निश्चिंत होतात. त्यापेक्षा ड्रायव्हरच्या गाडीत मोठा सिलिंडर भाड्याने घ्या, लेहमध्ये मिळतो, आणि निघताना काटा स्वतः बघा. माझं हे एक वाक्य तू विसरू नकोस.

ऑक्सिमीटर करोनातला घरी पडला असेल, तो न्या, पण तिथे ८५ ते ९० दिसलं तर किंचाळू नका, लेहमध्ये नुकत्याच पोचलेल्या चांगल्या माणसाचंही तेवढं दिसतं. बोट गार असेल, मेंदी-नेलपॉलिश असेल तर चुकीचं दाखवतं. आकड्यापेक्षा माणसाकडे बघायचं. बाकी सगळ्यांपेक्षा एकाचाच आकडा बराच खाली आणि तो माणूस मलूलही असेल तर डॉक्टरकडे.

आता ज्यावर वाट बघायचीच नाही ते. पहिलं, बसल्याजागी धाप, कोरडा खोकला, आडवं होववत नाही, नंतर गुलाबी फेसकट थुंकी, हे फुफ्फुसातलं पाणी, बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री. दुसरं, माणूस वेगळंच बोलतोय, बूट घालता येत नाहीयेत, झोकांड्या जातायत, ही मेंदूची सूज. संशय आला की त्याला सरळ रेषेत पावलाला पाऊल जोडून चालायला लावायचं, लहानपणी आपण पावलांनी अंगण मोजायचो ना टाचेला अंगठा लावून, तसं दहा पावलं. तोल गेला, बाजूला पाय टाकावा लागला, तर ते दारू प्यायल्यासारखं वाटतंय म्हणून हसायचं नाही, ऑक्सिजन लावायचा आणि लगेच, रात्र असली तरी, खाली किंवा जवळच्या हॉस्पिटलला. सकाळपर्यंत बघू असं म्हणायचं नाही. लेहमध्ये असाल तर सोनम नोर्बू हॉस्पिटल, त्यांना ह्या त्रासाचे पेशंट रोजचेच आहेत.

तुझ्या मुलाचं वेगळं सांगते, सहा वर्षांचं मूल डोकं दुखतंय असं नेमकं सांगेलच असं नाही, ते म्हणेल पोटात दुखतंय, किंवा काहीच म्हणणार नाही, नुसतं किरकिरं होईल, खाणार नाही, खेळणार नाही. वर गेल्यावर जे मूल मोबाइलसुद्धा मागत नाही त्याला त्रास होतोय असंच धरून चालायचं जोपर्यंत दुसरं कारण सापडत नाही. आणि निघायच्या आठवड्यात कुणालाही, मोठ्यांनाही, छातीत कफ-ताप असेल तर तारीख पुढे ढकला, तसल्या सर्दी-खोकल्यावर फुफ्फुसात पाणी व्हायचा धोका वाढतो. ऊन तिथे गार वाऱ्यात जाणवत नाही पण चटके लावतं, मुलासकट सगळ्यांना चांगले गॉगल, टोपी, ओठांना तूप किंवा व्हॅसलिन.

सासऱ्यांचं बीपी पहिले काही दिवस थोडं वाढलेलं दिसेल, गोळी बंद करायची नाही आणि स्वतःच्या मनाने डबलही करायची नाही. दिवसातून एकदा मोजलं तर पुरे. जायच्या आधी एक ईसीजी आणि त्यांच्या डॉक्टरांशी बोलणं हे करून घ्या. चालताना छातीत कधी भरून येतं का हे डॉक्टरांसमोर विचारा, घरी विचारलं तर नाहीच म्हणतील.

सासूबाईंचं इन्सुलिन हे खरं जपायचं काम. विमानात ते हँडबॅगेतच, खालच्या सामानात गोठू शकतं. तिथे रात्री गाडीत राहिलं तर गोठेल, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन विरघळून चांगलं दिसलं तरी टाकूनच द्यायचं. दुपारी गाडीच्या काचेतून येणाऱ्या उन्हातही नको. ग्लुकोमीटर पण आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात चुकतो, आणि काही मशिनं उंचीवर तशीही थोडी चुकतात, म्हणून आकडा आणि त्यांना कसं वाटतंय हे दोन्ही बघा. मोठा धोका वेगळाच आहे, वर भूक मरते, इन्सुलिन नेहमीचं घेतलं आणि जेवण अर्धंच झालं की शुगर उतरते, घाम, थरथर, गोंधळल्यासारखं, आणि सगळ्यांना वाटतं उंचीचा त्रास आहे. म्हणून अशा वेळी आधी शुगर बघायची. खजूर, चिक्की, साखर त्यांच्याच पर्समध्ये, डिकीत नाही. लघवीवाटे साखर काढणारी नवीन गोळी चालू असेल तर उलट्या झाल्या, जेवण गेलं, तर ती थांबवायची का हे डॉक्टरांना आत्ताच विचारून कागदावर लिहून घ्या.

विदर्भातले, नंदुरबारकडचे वाचक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक. घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर तुम्ही नुसते वाहक असलात तरी, म्हणजे घरी आयुष्यात कधी काही त्रास झाला नसला तरी, उंचीवर प्लीहेचा (पानथरीचा) रक्तपुरवठा अडू शकतो. वर गेल्यावर डाव्या बरगडीखाली जोरात दुखायला लागलं तर गॅस समजून ओवा खात बसू नका. जायच्या आधी टेस्ट करा, डॉक्टरांशी बोला.

खोलीत थंडी वाजली तर रजई जास्त मागा, पण बंद खोलीत शेगडी, कोळसा लावून झोपायचं नाही, त्या गॅसला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. गॅस गिझर असेल तर बाथरूमची खिडकी उघडी. रस्त्यावर सकाळी लवकर निघा, दुपारी बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढतं. आणि आपली प्रीपेड सिमं तिथे चालत नाहीत, दोघांपैकी एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या, हॉस्पिटलचे नंबर त्यात सेव्ह करा आणि कागदावर पण.

नवऱ्याशी वाद नको म्हणतेस ना, मग हे पत्र त्याला वाचायला दे आणि नवा प्लॅन त्यालाच करू दे. माझ्या भाऊजींचं सासऱ्यांना सांग, खिशातल्या स्ट्रिपसकट सांग. आणि सासूबाईंच्या लोकरीच्या बंडीला आतून एक खिसा शिवून घे, अंगाला लागून राहील असा, इन्सुलिनचं पेन मावेल एवढा लांब, वर बटण लाव म्हणजे वाकल्यावर पडणार नाही.